मध्यम आकाराचं साहस

आमच्या आयुष्यात जे जे आलं ते मध्यम आकाराचं आलं. उंची मध्यम, पगार मध्यम, फ्लॅट मध्यम, बी.कॉम.ला मिळालेला वर्गसुद्धा ना पहिला ना तिसरा. शर्ट मध्यम मापाचा घालतो. अलीकडे त्याच्या खालच्या दोन बटणांवर कामाचा ताण जरा जास्त पडतो, एवढंच. त्यामुळे वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी आम्ही प्रेमात पडलो तेव्हा तेही मध्यम आकाराच्याच पडलो, यात आमच्या कुंडलीचा दोष आहे, आमचा नाही. गैरसमज नको. मोटारसायकलच्या प्रेमात.

तिला 'अ‍ॅडव्हेंचर' मोटारसायकल म्हणतात. हिमालयन तिचं नाव. 2016 साली ती पहिल्यांदा आली तेव्हा इंजिन 411 सीसीचं होतं. 2023च्या नोव्हेंबरात नवी आली ती 452 सीसीची, पाण्याने गार होणारी, चाळीस घोड्यांची. पुण्यात कोथरूडहून लक्ष्मी रोडला रोज नोकरीला जाणाऱ्या माणसाला चाळीस घोडे कशाला लागतात, असा प्रश्न आमच्या शाखेतल्या कॅशियरने विचारला. त्याचं बरोबर आहे. त्या रस्त्यावर सकाळी दहा वाजता एक घोडासुद्धा धड चालू शकत नाही. पण प्रेमात पडलेल्या माणसाला कॅशियरने प्रश्न विचारू नयेत.

मुळात हे प्रकरण आपलं नव्हेच. 1978च्या डिसेंबरात काही उत्साही मंडळी पॅरिसहून निघाली आणि सहारा ओलांडून आफ्रिकेतल्या डाकारला पोचली. त्या पहिल्या शर्यतीत मोटारसायकलवाल्यांमध्ये सिरिल नेव्हो हा फ्रेंच गडी यामाहाच्या 500 सीसीच्या गाडीवर पहिला आला. पुढे 1980मध्ये जर्मनीच्या बीएमडब्ल्यूने एक गाडी काढली, तिच्या नावातल्या दोन अक्षरांचा अर्थच 'रानवाट आणि डांबरी सडक' असा होता. म्हणजे एकाच गाडीने दोन्ही संसार करायचे. ही कल्पना मध्यमवर्गीयांना चटकन पटण्यासारखी आहे. आमच्याकडे दिवाण दिवसा बसायला आणि रात्री झोपायला असतो, त्यातलाच हा प्रकार.

पण त्या मोठ्या गाड्या पुढे इतक्या मोठ्या झाल्या की वजन अडीचशे किलोच्या आसपास आणि किंमत वीस लाखांच्या वर. वीस लाख जमवले तरी ती चिखलात आडवी झाल्यावर उचलायला चार माणसं लागतात, ती कुठून आणायची? उलट शंभर सीसीची छोटी गाडी घाटात दोन माणसं आणि एक बॅग घेऊन चढताना असा काही सूर काढते की आपणच उतरून तिला पाणी पाजावं. मधली गाडी यातला मध्यम मार्ग. हिमालयनचं वजन 196 किलो. हेही काही फूल नव्हे, पण रीत ठाऊक असेल तर एकटा माणूस तिला उभी करू शकतो: तिच्याकडे पाठ करायची, गुडघ्यात वाकायचं आणि पायांच्या जोरावर मागे ढकलत न्यायचं. बँकेत साहेबाशी वागण्याची आमची पद्धत साधारण हीच आहे.

आता तिच्यात आहे काय? पुढचं चाक एकवीस इंची. लहान चाक खड्ड्यात पडतं, मोठं चाक खड्ड्यावरून जातं, हे तत्त्व पुणेकराला शिकवायला नको. चाकांना तारा असतात, कारण दगडावर आपटलं की तारा थोडं सोसतात. भक्कम ओतीव चाक मानी असतं, ते वाकण्याऐवजी तडकतं. पुढेमागे दोन्हीकडे 200 मिलिमीटर खालीवर होणारं सस्पेन्शन, पोटाखाली जमिनीपर्यंत 230 मिलिमीटर मोकळी जागा, आणि सतरा लिटरची टाकी. बसायचं कसं, तर ताठ. रेसच्या गाडीवर पोरं पोटावर झोपून जातात, ते आमच्या पोटाला मानवणार नाही. इथे हँडल रुंद, पाठ सरळ, नजर दूर. आणि रस्ता फारच वाईट आला तर चक्क पायांवर उभं राहून चालवायची, म्हणजे खालच्या दणक्यांचा हिशोब गुडघे करतात, पाठीच्या कण्यापर्यंत व्हाउचर येतच नाही.

अडचण एकच. सीट 825 मिलिमीटर उंच. चिरंजीवांनी टेप घेऊन आमच्या पायांची आतल्या बाजूने लांबी मोजली आणि ती पाऊण मीटरच्या आत भरल्याचं आईला मोठ्याने जाहीर केलं. साडेसात सेंटीमीटरची तूट! पण तूट कशी भरून काढायची हे बँकवाल्याला शिकवू नये. एक तर माणूस बसला की स्प्रिंगा थोड्या दबतात. दुसरं म्हणजे दोन्ही पाय टेकायचे हा हट्टच सोडायचा; जरा एका बाजूला सरकून एक पाय पुरा टेकवायचा आणि दुसरा ब्रेकवर ठेवायचा. शिवाय 805 मिलिमीटरची ठेंगणी सीट निराळे पैसे देऊन मिळते. निराळे पैसे देऊन सगळंच मिळतं म्हणा.

ही गाडी घेणाऱ्याने लडाखला जायचं असतं, असा एक अलिखित नियम आहे. तिथे खारदुंग ला नावाची खिंड आहे, तिच्यापाशी फोटो काढायचा असतो. तिथल्या प्रसिद्ध पाटीवर उंची 18,380 फूट लिहिलेली, आणि प्रत्यक्ष मोजणीत ती भरली 17,582. फरक 798 फुटांचा! आमच्याकडे दिवसअखेर आठ रुपयांचा फरक आला तर रात्री नऊपर्यंत कोणाला घरी सोडत नाहीत. इतका न जुळणारा ताळा डोळ्यांनी बघायला एवढ्या लांब जाणं आमच्या धंद्याला शोभणार नाही. आम्हांला लडाखला जायचंच नाही.

आम्हांला जायचंय सासुरवाडीला.

हसू नका. आमची सासुरवाडी गुहागर तालुक्यात, फाट्यापासून चार किलोमीटर आत. एसटी फाट्यावर सोडते. तिथून पुढे जांभ्या दगडाचा चढाचा रस्ता, की जो उन्हाळ्यात रस्ता असतो आणि पावसाळ्यात वहाळ. मेव्हण्याची मोटार दोनदा त्या दगडांवर पोट घासून परत फिरली. दोन वर्षांपूर्वी जुलैत सासूबाई अंगणात पाय घसरून पडल्या. निरोप रात्री आला, आम्ही सकाळी फाट्यावर उतरलो, तर एकही रिक्षावाला आत यायला तयार नाही. पावसाचा नुसता मारा. बायको चपला हातात घेऊन पुढे चालत होती आणि चार किलोमीटरात एकदाही मागे वळून बघितलं नाही तिने. मी छत्री घेऊन मागे होतो, पण ती तिच्या डोक्यावर धरता येईल इतकं जवळ मला पोचता आलं नाही. सासूबाईंचं सुदैवाने मनगटावर निभावलं. पण तेव्हापासून पाऊस सुरू झाला की रात्री बायको फोन उशाशी घेऊन झोपते. त्याबद्दल आमच्यात बोलणं होत नाही. तिच्या आईचं वय आता ब्याऐंशी.

तर 230 मिलिमीटरचा अर्थ आमच्या लेखी हा आहे. जाहिरातीत मागे बर्फाचे डोंगर दिसतात. मला त्या जागी दिसतं ते करवंदीच्या जाळीचं वळण आणि त्यापुढची ती घळण.

आता पैशाचं बघू. विमा, नोंदणी धरून ती साडेतीन लाखांच्या पुढे जाते. त्यातले तीन लाख कर्ज, दहा टक्के व्याज, पाच वर्षं, म्हणजे महिन्याला 6,374 रुपयांचा हप्ता आणि एकूण व्याज 82,447. हा हिशोब मी दिवसातून चारदा लोकांना करून देतो, पण स्वतःसाठी केला तेव्हा कॅलक्युलेटर दोनदा पुसून पाहिला. त्यात सरकारने 22 सप्टेंबर 2025पासून 350 सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी अठ्ठावीसवरून अठरावर आणला आणि त्यावरच्यांचा थेट चाळीसवर नेला. आमची 102 सीसींनी वर. तेवढ्यासाठी आम्ही बुडबुड्याच्या शीतपेयांच्या रांगेत, चैनीच्या वस्तूंत जाऊन बसलो. सासूबाईंना चैनीची वस्तू म्हणणारं हे पहिलंच सरकार असावं.

"निवृत्तीनंतर घ्या की," असं साहेब म्हणाले. आमच्या बँकेत निवृत्तीनंतर हे खातं फार जुनं आहे. त्यात सगळे भरणा करतात, पैसे काढताना मी अजून कोणाला पाहिलेलं नाही. शिवाय साठाव्या वर्षी पाय उचलून 825 मिलिमीटरवरून पलीकडे टाकायचा तर खाली स्टूल ठेवावं लागेल, आणि ते स्टूल धरायला शिपाई.

शेवटी परवा रविवारी सौभाग्यवतींना शोरूममध्ये नेलं. तिथला मुलगा आमच्या मुलाच्याच वयाचा. तो मला इंजिनाबद्दल सांगत राहिला, चढावरची ताकद, पाच-सहा तऱ्हेच्या वाटा. बायको एक अक्षर बोलली नाही. तिने गाडीला एक प्रदक्षिणा घातली, चाकाची तार वाजवून बघितली, मग पदर खोचला, पायठाण्यावर पाय दिला आणि माझ्या आधी मागच्या सीटवर चढून बसली.

"अहो, इथून आमच्या घरचं कौलसुद्धा दिसेल," ती म्हणाली. मग त्या मुलाकडे वळून तिने मागचं कॅरिअर हाताने दाबून पाहिलं. "ह्याच्यावर फणस राहील का रे?"

मुलाने माहितीपुस्तकाची पानं उलटी-सुलटी चाळली. फणस त्यात नव्हता. पण पोरगा कोकणातला निघाला. पुस्तक मिटून त्याने अत्यंत गंभीरपणे विचारलं,

"काकू, कापा की बरका?"