कुलपावरची तारीख

ईद झाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी किंवा पुढच्या रविवारी सगळ्यांनी मिळून कुठेतरी बाहेर जायचे, हा आपल्या कितीतरी घरांतला शिरस्ता आहे. बुलढाणा जिल्ह्यात राहणाऱ्यांना त्यासाठी लांब जावे लागत नाही. बुलढाणा-खामगाव रस्त्यावर ज्ञानगंगेचे जंगल आहे, सातपुड्याच्या कुशीत अंबाबरवा आहे, शिवाय लोणारचे सरोवर आहे. जागांची वाण नाही. प्रश्न असतो तो गेट उघडे असण्याचा.

2022 ची बकरी ईद 10 जुलैला आली. कुर्बानी, हिस्से पोचवणे, पाहुण्यांची ऊठबस यांत घरातल्या बायकांना चार दिवस श्वास घ्यायला फुरसत नव्हती. पुढच्या रविवारी मुलांनी ज्ञानगंगेचा हट्ट धरला. पण चौकशी केल्यावर कळले, पावसाळ्यात सफारी बंद. मग निदान गावातल्या बागेत तरी बसू, म्हणून डबे, चटया आणि अम्मींची छडी घेऊन निघालो. तिथेही कुलूप! का बंद, कधी उघडणार, एका अक्षराची पाटी नाही. आमच्यासारखी आणखी दोन कुटुंबे गेटपाशी उभी होती. मुले गजांतून आतल्या घसरगुंडीकडे बघत होती. शेवटी अम्मी म्हणाल्या, "चला, घरी गच्चीवरच बसू."

एकाच दिवशी दोन दारे बंद मिळाली, पण दोन्हींचा राग सारखा नाही.

जंगलाचे दार बंद असते त्याला कारण आहे. महाराष्ट्रातल्या व्याघ्र प्रकल्पांमध्ये साधारणपणे 1 जुलै ते 30 सप्टेंबर गाभ्यातले पर्यटन थांबते. कच्च्या रस्त्यांचा चिखल होतो, गाड्या रुततात, आणि प्राण्यांनाही माणसांच्या वर्दळीपासून उसंत मिळते. ज्ञानगंगा अभयारण्य सुमारे 205 चौरस किलोमीटरचे. अस्वले आणि बिबटे ही त्याची ओळख. 2019 मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरचा एक तरुण वाघ महाराष्ट्र आणि तेलंगणातली शेते, नाले, रस्ते ओलांडत 1300 किलोमीटरहून अधिक चालला आणि डिसेंबरमध्ये इथे पोचला. गळ्यातल्या रेडिओ कॉलरमुळे त्याची वाट जगाला कळली. एवढे चालून आलेल्या पाहुण्याला निवांत जागा लागते, हे मुलांनाही सांगितले की पटते.

आपल्याला तर ही गोष्ट नवीन नाही. हजचा एहराम बांधला की जमिनीवरच्या प्राण्यांची शिकार मना होते. मदिनेच्या हरमच्या हद्दीत शिकार करायची नाही, झाडे तोडायची नाहीत, हा दंडक रसूलुल्लाह (स.) यांच्या काळापासूनचा. काही जागा आणि काही दिवस माणसाने हात आवरायचा, ही शिकवण आपल्या घरचीच आहे.

बागेच्या कुलपाला मात्र असे कारणही नव्हते आणि तारीखही नव्हती. हे कुलूप सर्वांत जास्त कोणाला लागते? पुरुषांना चौक आहे, चहाचे हॉटेल आहे. मोठ्या मुलांना मैदान आहे. पण आपल्या आया-बहिणींना, गुडघे धरलेल्या दादी-नानींना, लहान मुलींना पैसे न मोजता तासभर मोकळ्या हवेत बसायला गावात दुसरी जागा कोणती? बाग बंद झाली की त्यांचे बाहेर पडणेच बंद होते. दुरुस्ती असेल, पाणी साचले असेल, तर बंद जरूर ठेवावी. पण कारण आणि उघडण्याची तारीख गेटवर लिहावी. दोन ओळींची पाटी लावायला असा कितीसा खर्च येतो? पाच-दहा घरांनी मिळून नगरपालिकेला तसा अर्ज द्यावा. त्यावर बायकांच्याही सह्या असाव्यात, कारण नड त्यांची आहे.

पावसाळ्यात फिरायचेच असेल तर वाटा आहेत. बुलढाणा-खामगाव रस्ता बोथ्याच्या घाटातून ज्ञानगंगेच्या जंगलातूनच जातो; हिरवा डोंगर गाडीतूनही डोळे निववतो. मोताळा तालुक्यातल्या रोहिणखेडला 16व्या शतकातली दगडी मशीद आहे; आपल्या किती मुलांनी ती पाहिली आहे? लोणारला उल्केच्या आघाताने झालेले, सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे विवर आहे. 2020 मध्ये त्याची रामसर यादीत नोंद झाली. तेही अभयारण्य आहे, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी.

आणखी एक हिशेब मुलांना जरूर करायला लावा. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान, म्हणून ईद दरवर्षी मागे सरकते. 2022 मध्ये 10 जुलैला असलेली बकरी ईद 2025 मध्ये 7 जूनला आली. रमजान ईद तर त्याआधीच मार्चअखेर येऊन गेली. म्हणजे पुढची बरीच वर्षे दोन्ही ईद जंगलाच्या उघड्या हंगामात येणार आहेत. ज्ञानगंगेचा तो राहिलेला बेत आता मुलांनीच कॅलेंडरवर लिहून ठेवला आहे. गावातल्या बागेची तारीख मात्र अर्ज करूनच मिळवावी लागेल.