घोटभर पाणी

पारशिवनीत सकाळ लवकर होते. चहा मात्र माझ्या वाट्याला उशिरा येतो. आधी थायरॉईडची गोळी, मग अर्धा-पाऊण तास नुसतं बसणं. शेजारून फोडणीचा वास येतो, पेंच नदीच्या अंगाने गार वारा येतो, आणि मी रिकाम्या पोटी कुणाशी न बोलता बसून असते. गोळीपायी मिळालेला हा निवांतपणा आता अंगवळणी पडलाय. खरं तर आवडतो.

पित्ताशयातले खडे दुर्बिणीतून काढायचे ठरलं, तेव्हा घरात पहिला वाद झाला तो या गोळीवरून. आत्या ठाम होती. “पोट रिकामं ठेवाले सांगितलं ना वं? मंग गोळी कायले?” हरतालिकेला पाण्याचा थेंब न घेणारी ती. उपास म्हणजे उपास; त्यात गोळी गेली तरी तो मोडतोच.

नागपूरच्या भूलतज्ज्ञांनी वाद दोन वाक्यांत मिटवला. रोजची गोळी त्या दिवशीही पहाटे घ्यायची, घोटभर साध्या पाण्यासोबत. भुलीत पोटातलं अन्न उलटून श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून उपाशी ठेवतात; घोटभर पाणी पोटात फार वेळ थांबत नाही. या उपासाला कारण होतं, म्हणून त्यात सवलतही होती.

मग त्यांनी टीएसएचचा, म्हणजे थायरॉईडच्या तपासणीचा, रिपोर्ट नीट पाहिला. थायरॉक्सिन हे थायरॉईडचं संप्रेरक फारच कमी असलेल्या शरीरात हृदयाचे ठोके मंदावतात, अंग गार पडतं, झोपेची आणि वेदनेची औषधं रेंगाळतात. माणूस भुलीतून सावकाश बाहेर येतो. प्रमाण इतकं घसरलेलं असेल, तर घाई नसलेलं ऑपरेशन पुढे ढकलतात. थोडंफार कमी असेल तर सहसा अडत नाही. ज्यांची ग्रंथी उलट जास्त धावते, त्यांनीही आपल्या गोळ्या चुकवायच्या नसतात. ऑपरेशनच्या ताणाने त्यांच्या अंगात वादळ उठू शकतं.

“आणि एखाद्या दिवशी राहिलीच तर?” मी विचारलं. ते हसले. थायरॉक्सिन रक्तातून निम्मं व्हायलाच आठवडाभर लागतो. मला आमचं नवेगाव खैरीचं धरण आठवलं. एक दिवस पाऊस पडला नाही म्हणून नागपूरचे नळ कोरडे पडत नाहीत. मात्र पावसाळाच चुकला, तर पंचाईत आहे. ऑपरेशननंतर पाच-सात दिवसांहून जास्त तोंडाने काही घेता आलं नाही, तरच हे औषध शिरेतून देण्याची वेळ येते.

इतक्या वर्षांत या गोळीकडे मी नीट पाहिलंच नव्हतं. 1891 मध्ये इंग्लंडमधल्या जॉर्ज मरे या डॉक्टरांनी मेंढीच्या ग्रंथीचा अर्क एका 46 वर्षांच्या बाईला टोचला; ती पुढे 28 वर्षं जगली. 1914 च्या नाताळात एडवर्ड केंडॉल यांनी अमेरिकेत थायरॉक्सिनचे स्फटिक वेगळे केले. माझ्या उशाशी असलेली बाटली त्या वाटेनं इथवर आलेली. ती काही बाहेरून आलेल्या आजाराशी लढत नाही. जे माझ्याच गळ्यात तयार व्हायला हवं, ते रोज थोडं थोडं आणून देते. शरीराचाच वाटा तो. त्याने उपास कसा मोडेल?

ऑपरेशन होऊन घरी आल्यावर कॅल्शियमच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या थायरॉईडच्या गोळीपासून चार तास लांब ठेवायच्या, नाहीतर ही नीट शोषली जात नाही. आत्यानं ती वेळ स्वतःकडे घेतली. घड्याळाकडे बघत तीच सांगते, “आता घे.”

परवा तिनं हळूच विचारलं, “मंग हरतालिकेले माही बीपीची गोळी चालन काय?”

“ते तुझ्या डॉक्टरांना विचारायचं,” मी म्हटलं. “साखरेच्या गोळ्या उपाशीपोटी बहुधा थांबवतात, माझी थांबवत नाहीत. सगळ्यांना एकच नेम लावू नको.”

“जाऊ त मंग सोमवारी,” आत्या म्हणाली, आणि कपाटातून आपली जुनी फाईल काढायला लागली.