कोपऱ्याला कोपरा

कागद दुमडायचा तर कोपऱ्याला कोपरा लागला पाहिजे, हे मला आजीने शिकवलं. पावसाळ्यात जुन्या वह्यांच्या पानांच्या होड्या व्हायच्या. घडी वाकडी गेली की होडी एका अंगाला कलायची. समान भाग म्हणजे काय, ते शाळेत जाण्याआधी बोटांना कळलं होतं. गणपतीत पताका लावायच्या. पतंगी कागदाचे त्रिकोण, मैद्याची खळ आणि ठरलेला क्रम: लाल, पिवळी, हिरवी, पुन्हा लाल. पुढे कुठली येणार, हे अंक गिरवता येण्याआधीच सांगता यायचं.

अध्यापनाचं शिक्षण घेताना टी. सुंदर राव यांचं पुस्तक वाचलं. ते १८९३ साली मद्रासला निघालं. एका चौरस कागदापासून सुरुवात करून पंचकोन, षटकोन आणि पुढे वक्ररेषांपर्यंतची भूमिती त्यांनी घड्या घालून मांडली. त्यांना ही कल्पना सुचली ती किंडरगार्टनमधल्या कागदकामावरून, म्हणजे किंडरगार्टनची कल्पना मांडणाऱ्या फ्रोबेलच्या परंपरेतून. बालवाडीतला खेळ एवढ्या दूरवर जातो, हे वाचून माझा त्या खेळावरचा विश्वास पक्का झाला.

पुढे बालवाडीत मी मुलांना कागदाची लांब पट्टी देऊ लागले. एक घडी, दोन घरं. दुसरी घडी, चार. तिसऱ्या घडीला किती? बहुतेक मुलं ‘सहा’ म्हणायची. मी गप्प राहायचे. पट्टी उलगडून मुलं एकेका घरात एकेक चिंचोका ठेवायची आणि आठापर्यंत पोचायची. मग कुणीतरी ओरडायचं, “बाई, सगळ्या घरांचे दोन-दोन झाले!” दुप्पट म्हणजे काय, हे मला फळ्यावर इतकं स्वच्छ कधीच सांगता आलं नसतं.

आता नात वहीच्या पानाचा चौरस करते. वरची कड बाजूच्या कडेवर टेकवते, तिरकी घडी घालते, उरलेली पट्टी फाडते. चारही बाजू सारख्या आहेत का, हे ती पुन्हा दुमडून तपासते. कागदाचा हाच मोठा गुण आहे: उत्तर बरोबर आहे का, ते मुलाला कुणाला विचारावं लागत नाही.

म्हणून लहानग्यांच्या पालकांना आणि शिक्षकांना माझी विनंती आहे. बेरजेचं छापील पान पुढे ठेवण्याआधी रद्दीतला एक कागद मुलांच्या हाती द्या, आणि घडी जमली की नाही, हे त्यांचं त्यांना ठरवू द्या.