त्रिरश्मीवरील ठेव

पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढताना धाप लागून मी बसलो, तेव्हा पाठीवर बोचके घेतलेल्या एका परदेशी तरुणाने पाण्याची बाटली पुढे केली. तो चिलीचा, एकटाच देश पाहत निघालेला. पुढे आम्ही दोघे सोबतच चढलो.

त्रिरश्मी डोंगरावर २४ लेणी आहेत. दहाव्या लेण्यातील शिलालेखाचा पुस्तकात वाचलेला अर्थ मी त्याला सांगितला. सुमारे १९०० वर्षांपूर्वी नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ३,००० कार्षापणे ठेवली. त्यांपैकी २,००० वर दरमहा शेकडा एक व्याज, म्हणजे वर्षाला २४०. त्यातून वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी बारा. मुद्दल कधीच परत घ्यायचे नाही. हिशेब अचूक जुळतो, हे पाहून माझ्यातला बँक अधिकारी सुखावला.

शेजारच्या अकराव्या लेण्यात भगवान ऋषभदेवांच्या मूर्तीपुढे मी हात जोडले, त्यानेही जोडले.

"आपण येथे नेहमी येत असाल?" त्याने विचारले.

नाशिकमध्ये पस्तीस वर्षे नोकरी केलेल्या माझी मान खाली गेली. "आज प्रथमच," मी म्हणालो.

उतरताना ठरले : उद्या म्हसरूळचे गजपंथ, दोघांनी मिळून.