तालमीचे दिवस

१ जूनपासून मासेमारी बंद. बोटी किनाऱ्यावर चढल्यात, म्हणून वाजवणारे हात मोकळे आहेत. आमच्या पाचूबंदरात गाण्याच्या तालमीचा खरा हंगाम पावसातलाच. ३१ जुलै उलटली की ढोलकवाला आणि कोरसमधले अर्धे आवाज समुद्रावर जातील. दिवसा मी पत्रिका, फलक, बोटींवरच्या नावांची अक्षरं करतो; रात्री गिटार घेऊन बसतो. ही दोन कामं वेगळी आहेत असं मला कधी वाटलंच नाही. नारळी पौर्णिमेच्या फलकावर अक्षरांमध्ये किती जागा सोडायची, हे मला गाण्यातल्या थांब्यांनीच शिकवलं.

आज रेमो फर्नांडिस पुन्हा ऐकला. मुंबईत वास्तुकला शिकलेला हा गोव्याचा माणूस. १९८४ साली त्यानं 'गोवन क्रेझी' हा अल्बम शिवोलीच्या घरातच ध्वनिमुद्रित केला. वाद्यं त्याचीच, आवाज त्याचाच, वेष्टनावरचं चित्रही त्याचंच. आणि कॅसेटी स्कूटरवर घालून त्यानं गोवाभर स्वतः विकल्या. मुंबईतल्या कंपनीच्या होकारासाठी तो थांबला नाही. गावानं आधी ऐकलं, देशानं नंतर. मला हाच क्रम योग्य वाटतो.

आमच्याकडे हळदीची, लग्नाची गाणी अजून वयस्कर बायकांच्या तोंडी आहेत, कागदावर फारशी नाहीत. ती टिपायला हवीत, गाणारणीच्या नावासकट. तुमच्या माळ्यावर लग्नातल्या जुन्या कॅसेटी असतील तर टाकू नका. तालमीला घेऊन या.