दादांची गाडी आणि पूर्णगडची वाट

रत्नागिरीहून पावसमार्गे पूर्णगडास जाणारा रस्ता मी लहानपणापासून पाहिलेला आहे. परंतु तो इतका चढाचा आहे, हे मला गेल्या मार्गशीर्षात प्रथम कळले.

माझ्या थोरल्या बंधूंचे, म्हणजे दादांचे, रामआळीत कापडाचे दुकान. दर गुरुवारी उधारीच्या वसुलीसाठी ते गोळप, पावस, पूर्णगड असा फेरा करीत. त्यांची गाडी १९९१ साली घेतलेली हीरो होंडा सीडी १००. इंजिन अवघे ९७.२ सीसीचे, पण दादांना तिने कधी वाटेत सोडले नाही. दादा गेल्यावर ती पावसाळाभर पडवीत उभी होती. पुतण्याने ती विकायचे ठरविले. मी म्हटले, एकदा त्या वाटेने नेऊन आणू दे. उधारीची वही मात्र बुडीत खाती टाकावी, असा सल्ला मीच त्याला दिला होता.

गाडी बराच काळ उभी राहिली की कार्ब्युरेटरमधले पेट्रोल उडून जाते आणि बारीक जेटमध्ये चिकट थर धरतो. मेकॅनिककडे नेण्याऐवजी मी वर्तमानपत्र पसरून कार्ब्युरेटर स्वतःच उघडला, सर्व भाग रात्रभर पेट्रोलच्या वाटीत भिजविले आणि सकाळी जोडले. एक रबरी रिंग उरली. ती कोणत्याच खाचेत बसेना. तेव्हा ती जादाच असावी, असा सोयीस्कर निष्कर्ष काढून मी ती खिशात टाकली. पाच पैशांच्या फरकासाठी ज्याने कारकुनांना रात्री नऊपर्यंत बसवून ठेवले, त्याने हा फरक बिनदिक्कत सस्पेन्स खात्यात टाकला! गाडी चौथ्या किकला सुरू झाली आणि सौ. मागे बसल्या.

भाट्ये येथे काजळी नदी समुद्रास मिळते. खाडीवरील पुलावरून एका बाजूस मांडवीचा किनारा दिसतो, पुढे सुरूचे बन लागते. इथवर मी मजेत होतो. फक्त एक खटकत होते. मूठ सोडली तरी इंजिनाचा आवाज खाली येत नव्हता. चढ लागला आणि गाडीला धाप लागली. मूठ पिळावी तर ती गचके देई. मागून एसटी आली. वळणावर इंजिन बंद पडले. आम्ही कसेबसे कडेला झालो. चालकाने काही न बोलता गाडी थोपवून धरली, हे त्याचे उपकार. सौ. उतरून चालू लागल्या. त्याही काही बोलल्या नाहीत, आणि तेच मला अधिक लागले.

गोळपच्या सड्यावर इंजिन निवेपर्यंत थांबलो. जांभ्या दगडाचे हे उघडे पठार पावसाळ्यात रानफुलांनी भरते, मार्गशीर्षात मात्र त्यावर पिवळे गवतच. अशाच कोकणी सड्यांवर प्राचीन माणसाने कोरलेली कातळशिल्पे आहेत. कशेळीचा अजस्र हत्ती त्यांतलाच. एरवी मी सौ.ना हे सारे विस्ताराने सांगितले असते.

उतारावरून पावसला पोहोचलो. तेथील मेकॅनिकने आवाज ऐकला, कार्ब्युरेटरच्या जोडावर ओले फडके दाबले, आणि आवाज लगेच खाली आला. “हवा घेतेय. इथली रिंग कुठे गेली?” मी खिशातून काढून दिली. पेट्रोलात भिजून ती फुगली होती, म्हणून खाचेत बसत नव्हती. एक भाग पेट्रोलास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा, हे या इंजिनाचे गणित. रिंगेवाचून फटीतून बेहिशेबी हवा शिरे. मिश्रण पातळ होई, इंजिन तापे आणि चढावर दम तोडी.

नवी रिंग बसविता बसविता तो म्हणाला, “साहेब, ही मोठ्या शेठची गाडी ना? ते कधी स्क्रूला हात लावायचे नाहीत. शेठ बरेच दिवसांत आले नाहीत?”

मी सांगितले. तो हातातले पान्हे ठेवून बराच वेळ गप्प बसला. मग फडक्याला हात पुसून आत गेला आणि पाचशेची नोट घेऊन आला. “मुलीच्या गणवेशाचे बाराशे राहिलेत. वहीत असतील. बाकीचे गुरुवारी देतो.” मजुरी त्याने घेतली, ती मात्र पुरती; रिंगेचे दहा रुपये धरून.

पूर्णगड लहानसाच किल्ला आहे. दारापाशी मारुती, आणि तटावरून मुचकुंदी नदी समुद्रास मिळताना दिसते. आम्ही तटावर तासभर बसलो. परतताना गोळपचा चढ गाडीने तिसऱ्या गिअरमध्ये काढला.

रात्री पाचशेची नोट पुतण्यापुढे ठेवली. त्याने कपाटातून वही काढून पान उघडले. बाराशेच होते. पाचशे जमा लिहून त्याने विचारले, “काका, गुरुवारी कोण जाणार?”