बेसेल, एररफंक्शन आणि शून्य मॅट्रिक्स

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

तिसऱ्या वर्षाच्या लॅबमध्ये आज एफएमचं प्रॅक्टिकल सुरू केलं. विषय रेडिओचा दिसतो, पण आत सगळा बेसेल बसलाय. कॅरियरच्या दोन्ही अंगांना जे साइडबँड उमटतात, त्यांतल्या कितव्याही साइडबँडची उंची म्हणजे त्या क्रमांकाच्या बेसेल फंक्शनचं बीटापाशी येणारं मूल्य. बीटा म्हणजे मॉड्युलेशन इंडेक्स. क्रमांक शून्य ते तीस आणि बीटाची शून्य ते दहामधली हजार मूल्यं, असा तक्ता मुलांना काढायला सांगितला.

बहुतेकांनी लूपमध्ये लूप घातला. उत्तर बरोबर येतं, तक्रार नाही. पण सायपायचं बेसेल फंक्शन अख्खा अ‍ॅरे घेऊ शकतं, तर त्याला एकेक आकडा चमच्यानं कशाला भरवायचा? क्रमांक उभ्या स्तंभात ठेवायचे, बीटा आडव्या ओळीत, आणि दोन्ही एकदम फंक्शनच्या हवाली करायचे. ब्रॉडकास्टिंग होऊन एकतीस बाय हजारची मॅट्रिक्स एका ओळीत तयार. लूप सुटत नाहीच. तो पायथनमधून उठून आतल्या कंपाइल केलेल्या कोडमध्ये जातो, आणि वेळेचा सगळा फरक तिथे पडतो.

एकानं शक्कल लढवली. एका आकड्यासाठी लिहिलेलं आपलं फंक्शन नमपायच्या व्हेक्टराइझमध्ये गुंडाळलं आणि म्हणाला, "मॅडम, आता फास्ट झालं." म्हटलं, घड्याळ लावून बघ. काही फास्ट झालं नव्हतं. ती सोय लिहिण्यापुरती आहे, वेगासाठी नाही, असं नमपायच्या डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलंय. मुलं ते वाचत नाहीत, हा भाग वेगळा.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

तक्ता आला, पण तो बरोबर आहे कशावरून? शेजाऱ्याशी जुळला म्हणून, हे उत्तर मला चालत नाही. दोघांनी एकच फाइल उतरवली असली की जुळणारच.

एफएम प्रसारणात कमाल विचलन ७५ किलोहर्ट्झ, आवाजाची वरची मर्यादा १५ किलोहर्ट्झ. म्हणून बीटा ५ घेतला. कॅरियर −०.१७८, तिसरा साइडबँड ०.३६५, चौथा ०.३९१. आता सगळ्यांचे वर्ग करा, शून्याव्या क्रमांकाचा एकदा आणि बाकीच्यांचे दोनदा धरा, बेरीज १ आलीच पाहिजे. आली. एकूण शक्तीतला फक्त तीन टक्क्यांच्या आसपासचा वाटा कॅरियरकडे उरतो, हे मुलांना पटेना. पण बेरीज समोर होती.

मॅट्रिक्सच्या प्रत्येक स्तंभाला हीच चाचणी लावली, तीही एका ओळीत. मग बीटा २.४०५ जवळचा स्तंभ उघडला. तिथे कॅरियर गायब. विचलन मोजायची जुनी रीत याच शून्यावर उभी आहे: १ किलोहर्ट्झचा सूर द्यायचा, पातळी वाढवत न्यायची, स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरवर कॅरियर पहिल्यांदा बुडाला की विचलन २.४०५ किलोहर्ट्झ.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

एका मुलीनं लायब्ररी न वापरता बेसेल फंक्शन स्वतः लिहून आणलं. मला अशी मुलं आवडतात. पुस्तकात सूत्र आहेच: लागोपाठची दोन बेसेल मूल्यं माहीत असली की पुढचं मिळतं. तिनं एक्स १ घेतला, शून्याव्या आणि पहिल्या क्रमांकापासून चढत गेली. जे-२ आलं ०.११४९, जे-३ आलं ०.०१९६, सुरेख. दहाव्या क्रमांकाला खरं मूल्य एकाचा अब्जावा भागही भरत नाही, आणि तिचं उत्तर तिथवर भरकटलेलं होतं. विसाव्याला तर ते एकाच्या कितीतरी बाहेर गेलं, आणि पूर्णांक क्रमांकाचं बेसेल फंक्शन एकाच्या बाहेर कधी जातच नाही.

"सूत्र चुकलंय का मॅडम?"

सूत्र अगदी बरोबर आहे. पण तेच सूत्र बेसेलच्या दुसऱ्या भावंडालाही लागू पडतं, आणि ते भावंड क्रमांकाबरोबर भराभर वाढतं. सोळाव्या अंकाशी झालेल्या राउंडिंगमधून त्याचा एक कण आत शिरतो आणि मग तोच सगळी जागा व्यापतो. उपाय उलटा चालायचा. खूप वरच्या क्रमांकाला शून्य, त्याच्या खालच्याला कुठलाही छोटा आकडा धरायचा, सूत्रानं खाली उतरत यायचं आणि शेवटी सगळ्यांना योग्य त्या एका संख्येनं भागायचं. ती संख्या मिळते जे-शून्य अधिक सम क्रमांकांच्या दुपटीवरून, कारण ती बेरीज १ असते.

ही युक्ती जे. सी. पी. मिलर यांची, ब्रिटिश असोसिएशनच्या १९५२ च्या बेसेल तक्त्यांतली. हातयंत्रावर आकडेमोड करणाऱ्यांना ही अडचण आमच्या मुलांच्या आधीच भेटली होती. विभागाच्या कपाटात अब्रामोविट्झ आणि स्टेगन यांचा १९६४ चा जाडजूड ग्रंथ आहे; तिला तो घरी न्यायला दिला. अब्रामोविट्झ १९५८ मध्येच वारले, पुढचं काम आयरीन स्टेगन यांनी तडीस नेलं. १९३८ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या तक्ते-प्रकल्पात दोघं होते. बेरोजगारांना काम मिळावं म्हणून काढलेला तो सरकारी प्रकल्प.

बुधवार, १२ फेब्रुवारी

बिट एरर रेटचे आलेख. एका गटाचा आलेख साडेपंधरा डेसिबलच्या सुमाराला संपला. त्याआधी थोड्या पायऱ्या, मग कोरा कागद. त्यांनी एकातून एररफंक्शन वजा केलं होतं. आत ६ गेले की एररफंक्शन एकाच्या इतकं जवळ पोचतं की डबल प्रिसिजनला ते एकच दिसतं. वजाबाकी शून्य, आणि लॉग अक्षावर शून्याला जागा नाही. पूरक एररफंक्शन वेगळं दिलेलं आहे ते एवढ्यासाठीच. ते ६ पाशी २.१५ भागिले १०चा सतरावा घात असं धड उत्तर देतं.

गॅमाचंही तेच. १७१ पाशी उत्तर येतं, १७२ पाशी अनंत. लॉग-गॅमा वापरा म्हटलं आणि पुढे सरकले.

सोमवार, १७ फेब्रुवारी

आज खरी गंमत. कंट्रोलच्या प्रोजेक्टमधला एक मुलगा स्टेट ट्रान्झिशन मॅट्रिक्स घेऊन आला. सिस्टिम कागदावर फिरत राहते, कोडमध्ये स्फोट होतो. मॅट्रिक्स छोटी: वरची ओळ ०, १, खालची −१, ०. त्यानं नमपायचा एक्स्प लावला होता. तो प्रत्येक घटकाचा वेगळा घात काढतो: वर १ आणि २.७१८, खाली ०.३६८ आणि १. मॅट्रिक्सचा घात हवा असेल तर सायपायच्या लिनअल्जमधला एक्स्पएम. त्यातून आलं वर ०.५४०, ०.८४१; खाली −०.८४१, ०.५४०. म्हणजे एका रेडियनची कोसाइन आणि साइन, निव्वळ फिरवण्याची मॅट्रिक्स. मॅटलॅबमध्येही ही दोन नावं वेगळीच आहेत.

दोन्ही फंक्शनं मॅट्रिक्स घेतात, त्याच आकाराची मॅट्रिक्स देतात, एरर कुणी दाखवत नाही. म्हणून ही चूक सगळ्यांत वाईट.

गुरुवार, २० फेब्रुवारी

काल शिवजयंतीची सुट्टी. आज तोच मुलगा परत आला: एक्स्पएमच्या आत मालिकाच असेल ना, मग मी ती मालिका लिहितो. त्याला मोलर आणि व्हॅन लोन यांच्या १९७८ च्या लेखातली मॅट्रिक्स दिली: −४९, २४, −६४, ३१. तिच्या आयगनव्हॅल्यू −१ आणि −१७. खऱ्या उत्तरातला एकही घटक दीडपेक्षा मोठा नाही. पण मालिकेची मधली पदं नव्वद लाखांच्या वर जातात, आणि तिथे फ्लोट-३२ ला एकापेक्षा बारीक काही दिसतच नाही. पदं एकमेकांना खोडतात आणि उत्तर म्हणून उरतो तो राउंडिंगचा गाळ. डबलमध्ये उत्तर वाचतं, पण मोठ्या मॅट्रिक्सपुढे डबलही पुरत नाही.

त्या लेखाच्या नावातच एकोणीस शंकास्पद मार्ग आहेत. २००३ मध्ये लेखकांनी तो नव्यानं वाढवून छापला. सायपायचा एक्स्पएम अल-मोही आणि हायम यांच्या २००९ च्या पद्धतीनं चालतो: मॅट्रिक्सला दोनाच्या घातानं भागून लहान करायचं, तिथे पाडेचं सूत्र लावायचं, मग तेवढ्याच वेळा वर्ग करत परत यायचं.

लॅबच्या सूचनापत्रात आज एक ओळ घातली, आणि दुसऱ्याचा कोड हाती घेणाऱ्या प्रत्येकाला माझी तीच विनंती आहे: मॅट्रिक्सवर कुठलंही फंक्शन लावलेलं दिसलं, की आधी त्याला शून्य मॅट्रिक्स देऊन पाहा. घातांकाच्या फंक्शनकडून एकक मॅट्रिक्स आली तर तो मॅट्रिक्सचा घात. सगळीकडे एकच एक आले तर तो घटकांचा.